बंदूक बांधली म्हणे

माझ्या माहेरी ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी, परवान्याची. शिकारीहून आली की नळी धुवायला पाणी तापवायचं मी, हात लावायचा भावांनी. बाईनं हात लावला तर बंदूक बांधली जाते म्हणायचे. म्हणजे बार उडतो, पण लागत नाही. आणि मारून आणलेलं डुक्कर शिजवायला मात्र बायांचे हात चालायचे! हे मी तेव्हा तोंडावर बोलले होते आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

पुढे बहारीनमध्ये, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, तेच परत ऐकलं. आम्ही तिथल्या झिंज नावाच्या वस्तीत राहायचो. आमचे हे एका बहारीनी मालकाच्या गॅरेजात फिटर, धाकटे दीरही तिथंच. मालकाला शिकारीचा भारी नाद, रानम्हशी मारायला आफ्रिकेत जायचा. एका शुक्रवारी नवी बंदूक दाखवायला त्यानं आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. मी कोंबडीच्या रश्शाचा टोप आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन गेले.

बंदूक बघून मला हसूच आलं. एवढीशी! दांडा मागे ओढून काडतूस भरायचं, ते मात्र अंगठ्याएवढं जाड. आणि दुर्बीण डोळ्याजवळ नाही, पार पुढे नळीवर.

"छोटा है, लेकिन भैंस को गिराता है," मालक म्हणाला.

दीरांनी समोरचा तेलाचा रिकामा डबा उडवला, परत उभा करून ठेवला आणि खांदा चोळत आले. मी म्हटलं, "आता मी."

"काहीतरीच काय! जेवण काढ," हे म्हणाले.

"वहिनी, नको हं. मालकाची बंदूक बांधली जाईल, उगाच नोकरी जायची."

मी सरळ मालकालाच विचारलं. तो म्हणाला, "यल्ला!" म्हणजे चल, होऊन जाऊ दे.

वडिलांना बघितलं होतं तसा एक डोळा मिटला आणि चाप ओढला. अगं बाई! म्हशीनं ढुशी मारावी तसा खांद्याला दणका बसला. डबा जागच्या जागी. लगेच दीरांनी उडवली, तरी डबा जागच्या जागी.

"बघा! बांधली की नाही?"

ह्यांचा चेहरा उतरला. "माफी माग मालकाची," मला हळूच म्हणाले.

माफी? कसली? दीरांनी बार उडायच्या आधीच डोळे गच्च मिटलेले मी पाहिले होते, खांद्याच्या भीतीनं.

"बांधली मीच ना भावजी? मग सोडवणारही मीच. द्या इकडे."

मालक हसत म्हणाला, "दोनो आंख खुला रखो, अम्मा. दूरबीन इसलिए आगे है."

दोन्ही डोळे उघडे ठेवले. खांदा ठणकत होता, तरी बंदूक घट्ट दाबून धरली. डबा असा उडाला की वाळूत लोळत गेला.

"खलास!" मालक ओरडला.

"नशीब, वहिनी," दीर म्हणाले.

"असेना. माझंच आहे ना?"

मग सगळे टोपाभोवती बसले आणि सवयीनं माझ्याकडे बघायला लागले. मी मालकाशेजारी खुर्ची ओढून बसले. "खांदा दुखतोय, हात वर होत नाही. वाढून घ्या. आणि मलाही वाढा."

ह्यांनी दीरांकडे बघितलं, दीरांनी टोपाकडे. शेवटी दीरांनीच मला वाढलं, तेही तंगडी बघून.

खांदा पुढे आठवडाभर काळानिळा होता, खोटं नाही. हात मात्र वर होत होता, बरं का.