आधी बियाणं, मग चाळण

लिहिताना चुका होतात, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर हातात पेन्सील आली नाही, तेव्हा या वहीनं सांभाळून घ्यावं.

औरंगपुऱ्यातल्या ज्या ऑफिसात मी झाडू-चहाला आहे, तिथंच माझी धाकटी जाऊ कॉम्प्युटरवर बसते. दुकानदारांचे मेल सर्व्हरवर आपोआप कसे वाटले जातील, त्याचे नियम ती लिहिते. हा मेल मालकाला, तो हिशेबनिसाला, अमका शब्द असला की कचऱ्यात. तिच्या कोर्सची फी मी माझ्या भिशीतून उसनी दिली. आमच्यात दोनच वर्षांचं अंतर, पण साहेब तिला मॅडम म्हणतात, मला मावशी. तिचा चहा मी मुद्दाम गार करून द्यायची.

एकदा पाचोडचा मोसंबीवाला तणतणत आला. "आठ दिवसांत एक ऑर्डर नाय! मेल काय गाढवानं खाल्ले?"

त्याच्या सगळ्या ऑर्डरी कचऱ्यात सापडल्या. 'फ्री' शब्द दिसला की मेल टाकून द्यायचा, असा जावेचा नियम. आणि ह्याच्या प्रत्येक ऑर्डरीवर 'फ्री डिलिव्हरी' लिहिलेलं.

साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर उद्या येऊ नका, मॅडम."

तिची नोकरी गेली तर माझे पैसे बुडणार, हे कळत होतं. तरी लई गोड वाटलं. इथं खोटं कशाला लिहू?

जाऊ रडवेली होऊन पुटपुटत होती, "नियम वरून खाली लागतात... आधी फ्री, तो कचऱ्यात... मग ऑर्डर, ती मालकाला..."

मी टेबल पुसत होते. करमाडला शेतावर आम्ही आधी बियाणं बाजूला काढतो, मग उरलेलं चाळतो. तोंडातून निघून गेलं, "अगं, बियाणं आधी काढ की!"

मग ऑर्डरीचा नियम तिनं फ्रीच्या वर नेला. स्वतःच 'फ्री डिलिव्हरी' लिहिलेली एक खोटी ऑर्डर पाठवून पाहिली, ती बरोबर मालकाकडं गेली.

"जाऊबाई, तुम्हीच बसायला पाहिजे इथं."

"मग चहा कोण करणार, तू?"

ती हसली. मी नाही.

तिनं साहेबांना खरं सांगितलं, "हे जाऊबाईंनी सुचवलं." साहेब म्हणाले, "वा! मावशी, त्यावर एक चहा आणा." पगार तिचा वाढला.

त्या पगारातून ती दर महिन्याला माझे पैसे फेडत गेली. काल शेवटच्या नोटा हातावर ठेवून म्हणाली, "मोजून घ्या."

तिच्यावर माझं तेवढंच काय ते उरलं होतं. एखादी नोट कमी निघावी म्हणून दोनदा मोजल्या. पुऱ्या निघाल्या.