खुडूक बसलेल्या कोंबड्या

स्टुटगार्टच्या आमच्या वाचन मंडळात सहा वर्षं मी वडे तळून नेले. तेवढ्या काळात एकाही पुस्तकावर बोलायला मला कुणी सांगितलं नाही. मी पडले मसाल्यांची दुकानदारीण. बाकीच्या पुण्याच्या, सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरच्या.

या वेळची कादंबरी होती खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या तीन पिढ्यांची. जर्मन अनुवाद मी गल्ल्यावर बसून दोनदा वाचला आणि ज्यांच्या घरी बैठक होती त्या वहिनींशी सौदा केला: वडे आणते, पण पहिला अर्धा तास माझा. "गेनाऊ, अगदी बरोबर, तुम्हीच सुरुवात करा," म्हणाल्या.

मला त्यातल्या आजीबद्दल बोलायचं होतं. ती गोऱ्या मळेवाल्यांच्या मागच्या दाराशी अंडी विकते. कुणी भाव पाडून मागितला की सांगते, कोंबड्या खुडूक बसल्यात, अंडीच देत नाहीत. माझी आजी आठवडी बाजारात टोपली पदराखाली झाकून अगदी हेच सांगायची. अशी बाई मला पुस्तकात पहिल्यांदाच भेटली होती.

पण बोलायला लागल्या वहिनी. वेदनेवर पाऊण तास. टिश्यूचा डबा फिरला. गावाकडे आपल्या मालकीच्या शेतात राबणाऱ्या मजूर बाईचं नाव ज्यांनी कधी विचारलं नाही, त्या वहिनी परमुलखातल्या खेड्यासाठी डोळे पुसत होत्या. मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला पुढे बसवलं. ती कृष्णवर्णीय, म्हणून मुद्दाम बोलावलेली. तुमच्या खेड्यातल्या बायकांचं सोसणं सांगा, म्हणाल्या. शेजारीण जन्मापासून न्युरेम्बर्गची. शेत मी आगगाडीच्या खिडकीतून पाहिलंय, म्हणाली शांतपणे.

माझी पाळी एकदाची आली. मी अंड्यांपर्यंत पोचले तोच वहिनी हसल्या.

"अहो ताई, हे साहित्य आहे. तुम्ही इथेही दुकान मांडलंत."

"मग दुकानाच्या रीतीनं घ्या. सौदा मोडला, माल परत."

वड्यांचा डबा उचलून मी बाहेर पडले. शेजारीणही उठली. जिन्यात तिनं विचारलं, तुझ्या आजीच्या कोंबड्या खरंच खुडूक बसायच्या का?

"एकदाही नाही."

ती पायरीवर बसून हसत राहिली. अर्धा तास मी बोलले, तिनं ऐकलं, वडे दोघींनी संपवले.

परवा वहिनींचा फोन आला. पुढच्या बैठकीला पन्नास वडे जमतील ना? म्हटलं, कोंबड्या खुडूक बसल्यात. अजून दोनदा फोन करू देत; मग पाहू, पहिला अर्धा तास कुणाचा ते.