चिंचेनं घासलेलं ऑलिम्पिक पदक

माझ्याकडे ऑलिम्पिकच्या एकूण एकशे त्रेचाळीस वस्तू आहेत. त्यात सोन्याचं पदक एकही नाही, रुप्याचं नाही, जिंकलेल्या कुणाचंच नाही. माझ्या पगारात ती बसत नाहीत, आणि बसली असती तरी बायकोनं बसू दिली नसती. अकरा पदकं आहेत ती सहभागाची. जो खेळायला आला त्या प्रत्येकाला ती मिळतात. म्हणजे जिंकलेल्यांची नव्हे, आलेल्यांची. अठ्ठ्याऐंशी बिल्ले, मैदानात शिरायची एकोणचाळीस जुनी तिकिटं आणि पाच प्रशस्तिपत्रं. त्यातलं एक सहाव्या आलेल्या कुणा परदेशी माणसाचं आहे. तो चालण्याच्या शर्यतीत होता. त्याच्या घरच्यांनी ते का विकलं असेल, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मापं घेणं हेच काम. त्यामुळे प्रत्येक वस्तूची नोंद माझ्या वहीत आहे: व्यास, जाडी, वजन, स्थिती. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना एक नियम पहिल्याच दिवशी सांगतो. चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, त्यावर गिरवायचंही नाही. एक सरळ रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक कुठे झाली ते दिसत राहिलं पाहिजे. वहीलाही मी तोच नियम लावला आहे.

हा नाद लागला तो शाळेत. आमच्या शाळेच्या मैदानावर एक मल्लखांब होता आणि रोज संध्याकाळी निवृत्त झालेले एक ड्रिल मास्तर तिथे यायचे. साठी उलटलेली, अंगात बंडी, खाली खाकी अर्धी पँट. खांबाला एरंडेल चोळायचं काम आम्हा चौघा-पाचजणांकडे असे. त्याचा वास अजून कुठे आला की मला तळहात चिकट झाल्यासारखे वाटतात. मास्तर छत्तीस साली बर्लिनला गेलेले होते. तिथल्या ऑलिम्पिकच्या वेळी वऱ्हाडातलं एक पथक आपले देशी खेळ दाखवायला बोटीनं गेलं होतं, त्यात ते विशीतले पोरगे होते. आम्हाला ते खरं वाटायचं नाही. आमच्यातल्या एकानं एकदा तोंडावर म्हटलं, "मास्तर, तुमी वर्धेच्या पुढं गेलते का कधी?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बंडीच्या आतून फडक्यात बांधलेलं पदक काढलं आणि त्याच मुलाच्या हातावर ठेवलं. "घे. पडू देशीन तर खांबावर उलटा टांगीन."

ते हातोहात माझ्यापर्यंत आलं. एका बाजूला पाच उघडी माणसं मिळून एक दोर ओढत होती. वजन तळहाताला जाणवलं. आणि ते चकाकत होतं, उन्हात डोळ्यांवर यावं इतकं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन.

पुढे मोठेपणी वही सुरू केली तेव्हा शेवटच्या पानावर फक्त आठवणीत उरलेल्या वस्तूंसाठी जागा ठेवली. तिथे मी लिहिलं: "मास्तरांचं पदक. चकचकीत पाहिल्याचं आठवतं. विश्वासार्ह नाही." कारण एव्हाना मी बरंच वाचलं होतं. ही पदकं काशाची. वर्षांनुवर्षं त्यांच्यावर काळपट तपकिरी थर चढतो आणि जाणकार त्या थरालाच जपतात. घासलेलं पदक म्हणजे वाया गेलेलं पदक. लहान मुलांना काय, सगळंच सोन्याचं दिसतं.

मास्तर जाऊन आता तीसएक वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी शाळेतल्या एका जुन्या शिपायाकडून कळलं की त्यांची मुलगी उमरखेडला असते. मी रविवारी एसटीनं गेलो. आर्णी, महागाव, उमरखेड, साडेतीन तास. ताई ऐंशीच्या घरात, ताठ बसणाऱ्या, स्वतः शिक्षिका होत्या. मी शाळेचं नाव घेतलं, मल्लखांबाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाटातून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. आत चार घड्या पडलेलं जाड कागदाचं प्रशस्तिपत्र होतं आणि त्याच्याखाली पदक.

काळं. एकसारखं, गडद, कुठेही न उडालेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, किती जपलं हो तुम्ही हे! असा थर मी आजवर पाहिला नाही. याला कुणी हात लावू नये. हाच याचा खरा दागिना आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पदकाकडे. मग म्हणाल्या, "असन बाप्पा."

पदक त्या देणार नव्हत्या. मी मागितलंही नाही. प्रशस्तिपत्राच्या घड्या फाटायला आल्या होत्या. ते सपाट करून देतो, आणि दोन्हींची नीट नोंद करतो, दिवाळीपर्यंत माझ्याकडे राहू द्या, एवढंच म्हणालो. त्या तयार झाल्या. मी तिथेच पावती लिहिली, एक प्रत त्यांना, एक माझ्या वहीत. व्यास सत्तर मिलिमीटर. पाठपोट वर्णन. स्थिती: "अखंड काळपट थर, कधीही न घासलेला. डावीकडून तिसऱ्या आकृतीचा चेहरा झिजलेला, कारण अज्ञात." आणि खाली: "आहे त्या स्थितीत परत करीन." सही.

ताईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि हसल्या. "एवढं तं बाबू, मी पोरगी देताना लिहून नव्हतं घेतलं."

पदक घरी आलं. कॉलेजातल्या तराजूवर चिमट्यानं वजनं ठेवून तोललं: १०८.४२ ग्रॅम. प्रशस्तिपत्र टीपकागदांच्या मध्ये ठेवून त्यावर लोखंडी वजनं ठेवली. पदक मऊ कापडात गुंडाळून माझ्या टेबलाच्या खणात. घरात सगळ्यांना सांगितलं की ते दुसऱ्याचं आहे. पण हात लावू नका असं मात्र सांगितलं नाही. माझ्या वस्तूंना आजवर कुणी हात लावलाच नव्हता, म्हणून सुचलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेलो. परत आलो तर देवघरासमोर पाट मांडलेला. पाटावर माझी मापपट्टी, भिंग, गाडीची किल्ली, विळी, मुलीचा कॅल्क्युलेटर. आणि मधोमध, हळदीकुंकू वाहिलेलं, पिवळंधम्मक पदक.

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"हत्यारं मांडले," बायको म्हणाली. "दुकानवाले तराजू पुजतात, समोरचे ट्रॅक्टर पुजतात. तुमचं हत्यार म्हनजे हेच नं? किती मळलं होतं ते! देवाच्या भांड्यासंगं चिंच लावली, दोन मिन्टात निंगालं. पाहा कसं झालं!"

मी पिशवी खाली ठेवली आणि पाटाकडे पाहत राहिलो.

"काहून? काय झालं? बोला नं. तुमी चिल्लावले तं परवडते, असे गप बसले का मले भेव लागते."

मी खाली बसलो आणि सांगितलं. थर म्हणजे काय, तो कसा चढतो, गेलेला परत का आणता येत नाही. ती ऐकत होती. तिच्या नखांत अजून चिंचेचा चोथा होता.

"म्हनजे मळच मोलाचा?" ती म्हणाली. "सत्तावीस वर्स झाले लग्नाले. तांबं-पितळ काळं ठेवा म्हननारा मानूस म्या तं नाई पाह्यला." पण तिचा आवाज उतरला होता. दुपारी जेवताना तिनं पुरणपोळीचा घास मोडला आणि ताटात ठेवला. "त्या बाईच्या बापाची तेवढीच एक वस्तू व्हती नं?"

"हो."

"मंग मी येते संगं. म्या घासलं, म्याच सांगते."

"पावतीवर सही माही हाये," मी म्हणालो. "सांगायचं मलेच लागन."

कॉलेज उघडल्यावर मी ते पुन्हा तोललं. १०८.३१. फरक शून्य पूर्णांक अकरा शतांश ग्रॅम. चिमूटभर मिठाएवढंही नाही. पण पावतीवर "आहे त्या स्थितीत" लिहिलेलं होतं आणि ते माझ्या अक्षरात होतं. मी प्रामाणिकपणे सांगतो, एका संध्याकाळी मी थर परत आणायची रसायनं कोणती ते शोधलं होतं. ती कॉलेजात होती. बाटल्या कोणत्या कपाटात आहेत तेही मला माहीत होतं. ताईंना फरक कळला नसता. बायकोला मी याबद्दल काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फक्त म्हणालो, "उमरखेडची सातची गाडी हाये."

आर्णीच्या स्टँडवर बायकोनं चहा घेतला, मी नाही. शेतांत सोयाबीन कापून ढीग लागलेले होते, पऱ्हाटीला बोंडं फुटत होती. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीवर दोन्ही हात.

ताईंनी दार उघडलं. मी आत गेल्या गेल्या, पाणी प्यायच्या आधी, सांगून टाकलं. पाठ केल्यासारखं: पदक घासलं गेलं आहे, थर पूर्ण गेला आहे, वजन इतकं कमी झालं आहे, तो परत येणार नाही, चूक माझी आहे. पावती समोर ठेवली. "तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य आहे."

"त्याइची नाई, माही चूक हाये ताई," बायको मध्येच म्हणाली. "मले काई मालूम नव्हतं."

ताईंनी हात पुढे केला. मी पदक दिलं. त्यांनी ते खिडकीकडे धरलं. मग त्यांनी बायकोकडे पाहून विचारलं, "चिंच नवी व्हती का जुनी?"

बायको गोंधळली. "जुनी. मागच्या सालची."

"मीठ लावलं व्हतं?"

"थोडंसं."

"बरोबर. बाबाबी जुनीच लावे." त्यांनी पदक मांडीवर ठेवलं. "दर दसऱ्याले. सकाळीच ओट्यावर बसे. म्या चिंच भिजवून द्यायची. अंगठ्यानं घासे, असं." त्यांनी उजवा अंगठा पदकावर ठेवला. तो नेमका मधल्या, तिसऱ्या माणसाच्या तोंडावर आला. "इथून सुरू करे. माय म्हने, अहो, त्या बिचाऱ्याचं नाक ठेवा थोडं. तं बाबा म्हने, हा मीच हावो, माह्या नाकाचं मी पाह्यतो."

बायको हसली, मग तोंडावर पदर धरून थांबली.

"बाबा गेले, मंग म्या डब्बा बंद केला," ताई म्हणाल्या. "दोन-तीनदा दसऱ्याले चिंच भिजवली. हात नाई लागला. काळं पडत गेलं. लाज वाटे मले. बाबानं पाह्यलं असतं तं रागावले असते."

"मग तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कायले सांगू? तुमी तं काळ्याचं असं कौतुक करून राह्यलते! कधी न घासलेलं, खरा दागिना. शिकलेला मानूस, वही घेऊन आला. म्या म्हटलं, असन बाप्पा, आपल्या आळसाचीबी कोनी तारीफ करते तं करू द्या." आता त्या खरोखर हसत होत्या, डोळे पुसत. मग त्यांनी बायकोचा हात धरला आणि तिची बोटं उलटसुलट करून पाहिली. "तू बस. जेवून जा."

पदक ताईंनी ठेवून घेतलं. डब्यात नाही, देवाच्या फळीवर, तांब्याच्या गडव्याशेजारी. निघताना मी पावती त्यांच्यापुढे केली, कारण परत केल्याची नोंद हवी. त्यांनी खाली लिहिलं: "पदक मिळाले. स्वच्छ." प्रशस्तिपत्र मी दिवाळीत नेऊन दिलं.

आता दसऱ्याच्या आदल्या रविवारी आम्ही दोघं उमरखेडला जातो. तीन वेळा झालं. जुनी चिंच बायको घरूनच नेते. ताई ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, बायको घासते, आणि ताई सांगतात, "अंगठ्यानं. मधातून सुरू कर." मी छोटा तराजू नेतो. मागच्या वेळी १०८.२४ भरलं. "घटलं का रे बाबू?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. "घटू दे," त्या म्हणाल्या.

पदक परत देऊन घरी आलो त्या दिवशीच मी वही काढली. "कधीही न घासलेला" यावर एक सरळ रेघ मारली. "कारण अज्ञात" यावर रेघ मारून बाजूला लिहिलं: "मास्तरांचा अंगठा." सही केली. मग शेवटच्या पानावर गेलो. "चकचकीत पाहिल्याचं आठवतं" हे तसंच ठेवलं. त्यापुढच्या "विश्वासार्ह नाही" या दोन शब्दांवर रेघ मारली आणि तिथेही सही केली.