परुळेकर मॅडमची गणिताची मेथड

परुळेकर मॅडम सराव पाठ बघायला आल्या की वर्गात मागच्या बाकावर, मुलींमध्येच बसायच्या. बाकीचे प्राध्यापक खिडकीशी खुर्ची टाकून, मान खाली घालून शेरे लिहीत. मॅडम मात्र शेजारणीच्या वहीत डोकावत, तिच्याशी कुजबुजत. फळ्यापाशी उभं राहून ते बघताना आम्हाला घाम फुटायचा.

परळला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर आमचं बी.एड. कॉलेज होतं. गणिताची मेथड, म्हणजे गणित कसं शिकवायचं हा विषय, घेणारे आम्ही मोजकेच. बी.एस्सी. होऊन नोकरी मिळेना म्हणून मी तिथे आले होते. गणित मला येत होतं. ते शिकवायला आणखी वेगळं काय शिकायचं, असा प्रश्न होता. पहिल्याच तासाला मी तो विचारलाही. मॅडमचे डोळे चमकले. "बरं झालं विचारलंस. मलाही ते अजून पुरतं कळलेलं नाही. बघूया."

लालबागच्या एका शाळेत सहावीवर माझा पाठ होता. अपूर्णांकांची बेरीज. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. सानिका नावाच्या मुलीने फळ्यावर उत्तर लिहिलं, दोन छेद पाच. "चूक," म्हणत मी डस्टर उचललं.

"थांब गं, पुसू नको," मागून मॅडमचा आवाज आला. "सानिका, कसं केलंस?"

"टीचर, तोंडी परीक्षेत आधी दोन प्रश्नांतला एक बरोबर आला. मग तीनातला एक. म्हणजे पाचातले दोन ना?"

"अगो बाय माझे!" मॅडम खूश झाल्या की मालवणीत शिरत. "खरंच की!"

वर्ग हसला आणि घंटा झाली. जिन्यात मी वैतागून म्हणाले, "मॅडम, आता ती चुकीचंच धरून बसेल."

"पण ती म्हणाली ते खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"त्या 'पण'च्या पुढे काय, ते उद्या तिला सांग. मी येणार ऐकायला."

दिवसभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सारख्या आकाराच्या दोन चिक्क्या नेल्या. एकीचा अर्धा भाग सानिकाच्या हातावर ठेवला, मग दुसरीचा तिसरा हिस्सा. "आता तुझ्याकडे किती?"

"अर्ध्या चिक्कीपेक्षा जास्त."

"आणि दोन छेद पाच म्हणजे किती?"

तिने फळ्यावर एक पट्टी काढली, पाच भाग केले, दोन रंगवले आणि बघत राहिली. "टीचर, हे तर अर्ध्याहून कमी!" मग जरा थांबून म्हणाली, "परीक्षेत प्रश्न वाढत गेले. इथे माप एका अख्ख्या चिक्कीचंच राहिलं."

हे वाक्य मला सुचलं नव्हतं. मागे मॅडम नुसत्या मान डोलवत होत्या.

आमच्यानंतरच्या वर्षी गणिताला एकच अर्ज आला. कॉलेजने मेथड बंद केली आणि मॅडमना शिक्षणाचा इतिहास शिकवायला सांगितलं. "मलाच इतिहासात बसवायला निघालेत," म्हणत त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. घरचे नाराज झाले, आम्ही हळहळलो. फोन केला की म्हणायच्या, "सध्या शिकतेय गं," आणि विषय बदलायच्या.

गेल्या वर्षी त्यांनी मला दादरला कर्णबधिर मुलांच्या शाळेत बोलावलं. केस पार पांढरे झालेल्या मॅडम फळ्यापाशी उभ्या राहून हातांच्या खुणांनी गणित शिकवत होत्या. एक खूण करताच सगळा वर्ग खदखदून हसला. पुढच्या बाकावरची मुलगी उठली, तिने मॅडमची बोटं धरून नीट दुमडली आणि पुन्हा करायला लावलं. मॅडमनी केलं. तिने मान हलवली, नाही. परत केलं. मग कुठे ती हसून जागेवर गेली.

"काय बोलून गेले होते कोण जाणे," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. "भाषा अजून कच्ची आहे माझी. पण शिक्षक फार चांगले मिळालेत."