हॉलमधले दरबारी पूर्वज

कबीर, ईशा — हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ठाऊक होतं, ते गेले. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजीत लिहायला बसले तर मी सगळं इतकं नीटनेटकं करीन, की तुम्हाला माझी चूक दिसणारच नाही.

इथल्या, मस्कतजवळच्या सीबच्या आपल्या हॉलमधलं ते चित्र — पांढरा अंगरखा, कमरेला शेला, गुडघ्यावर आडवी तलवार. 'आपले पूर्वज, दरबारात होते,' असं मी सांगत आले. परवा कबीर फोनवर म्हणाला, नव्या घरात तेच लावायचंय. तेव्हापासून मी कपाटं आवरते आहे. आवरलेलीच पुन्हा आवरते.

ते आपले कोणी नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात साहेब लोक आपल्याकडच्या चित्रकारांकडून दरबारी माणसांची चित्रं काढून घेत, खाली नाव आणि हुद्दा लिहवून घेत. तसल्या एका चित्राची छापील प्रत आजोबांनी लंडनहून आणली. इथल्या सूकमध्ये, बाजारात, फ्रेम करताना मी दुकानदाराला सांगितलं, खालची नावाची पट्टी माउंटच्या पुठ्ठ्याखाली झाका. त्या माणसाचं नाव गेलं आणि तो आमचा झाला.

का? आपण बौद्ध. इथल्या मराठी बायका बोलता बोलता गाव विचारत, मग आडनाव, मग माहेरचं आडनाव — प्रश्न कुठे निघालाय ते मला कळायचं. चित्र लागलं आणि प्रश्न थांबले. पण एवढंच असतं, तर मी आज लिहायला बसले असते का?

माझे वडील, दादा, एकदाच इथे आले. शाळामास्तर. त्यांचे वडील गावची मेलेली गुरं ओढत. दीक्षेनंतर त्यांनी ते काम सोडलं. गावाने पाणी तोडलं, तरी सोडलं. दादा हे चारचौघांत ताठ मानेने सांगत.

समोरच्या वहिनी चहाला आल्या. चित्राकडे बघत म्हणाल्या, "तरीच म्हटलं, या घरात चमचेसुद्धा रांगेत उभे असतात. दरबारी रक्त." मग दादांकडे वळून, "काका, हे तुमचे कोण?"

मी दादांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं — त्यांना तेवढं पुरलं.

"आजोबांचे आजोबा," दादा म्हणाले.

वहिनी गेल्यावर मी कपबश्या धुतल्या. दादा रागावले नाहीत. रागावतील म्हणून मी थांबले होते का — की रागावू नयेत म्हणून नळ सोडून ठेवला होता?

निघायच्या दिवशी ते टॉवेलमध्ये एक फोटो गुंडाळताना दिसले. त्यांच्या वडिलांचा — तालुक्याच्या स्टुडिओतला, नवा सदरा, दोन्ही हात ताठ. माझ्या हॉलसाठी आणला होता, आणि मला दाखवलाही नव्हता.

"असू दे," ते म्हणाले. "इथे भिंतीला जागा नाही."

जागा होती. खिळा ठोकायला कितीसा वेळ लागतो? त्यांच्या बॅगेची चेन लागत नव्हती. मी वरून दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि ती लागली.