घरातले चार कान

कानांवर हेडफोन चढवून बाजूचं बारीक बटण दाबलं की सगळं रिह्याचं खोरं एका क्षणात पुसलं जायचं. पत्र्यावर ठिबकणारी श्रावणसर, गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा, चढणीला लागून कण्हणारा एखादा टेम्पो, आणि या सगळ्याच्या तळाशी अहोरात्र चाललेला तो एक स्वर, वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरणाऱ्या पाण्याचा. सारं सारं मालवून जायचं. मागे उरायची ती दाट, मऊ, विकत घेतलेली शांतता. मग त्या शांततेत तंबोऱ्याची पहिली तार छेडली जायची आणि गाणाऱ्या बाईंनी सुरापूर्वी घेतलेला श्वाससुद्धा माझ्या कानाशी यायचा. काय सुख होतं ते! पडवीच्या कट्ट्यावर पाय सोडून मी डोळे मिटून बसायचो, आणि समोर हिरवीगार भातखाचरं मुक्याने डोलत असायची.

तुम्ही विचाराल, एवढा महागडा हेडफोन, त्याच्यासोबत खिशात मावणारा तो निराळा प्लेअर, त्यांना जोडणारी चांदीच्या तारेची केबल, हे सगळं खरोखर त्या किमतीचं असतं का? हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातोच, कारण या वेडातलं मी तिथलं जुनं खोड. माझं ठरलेलं उत्तर असं की साध्या यंत्रातून गाणं ऐकू येतं आणि महागड्यातून गाण्याची खोली ऐकू येते. तबलजीच्या बोटातली अंगठी लाकडाला लागते ती कळते, मागे कुणी मांडी बदलली ते कळतं. पण हौसेला मोल नसतं हेही तितकंच खरं, आणि शेवटच्या त्या चिमूटभर फरकासाठी आपण पोतंभर पैसे मोजतो, हेही खोटं नाही. शेजारच्या बबनतात्यांनी एकदा किंमत विचारली तेव्हा मी निम्मी सांगितली, तरी त्यांनी बैलजोडीचा हिशेब काढला. आज मात्र तो ठरलेला जबाब माझ्या जिभेवर येत नाही, आणि त्याला कारण आमची आत्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, ती माहेरी परतली आणि रिह्याची चार खाचरं तिनं जी हातात घेतली ती घेतलीच. आम्ही नांद्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, बाबा नोकरीतून निवृत्त झाले, पण चिखलणी, लावणी, कापणी, सगळं आत्याच्याच शब्दावर चालायचं. इंद्रायणीचा तांदूळ आमच्या ताटात यायचा तो तिच्या टाचेखालून. टाचेखालून म्हणतो ते उगाच नव्हे. भाताच्या बांधाला खेकडे बिळं पाडतात; बीळ करंगळीएवढं असलं तरी पाणी त्यातून वाट काढतं, माती कातरत जातं आणि चार-सहा तासांत अख्खा बांध वाहून नेतं. लहानपणी मी पाहिलंय, आत्या पडवीत चहा पिता पिता एकदम थबकायची, मान किंचित कलती करायची आणि म्हणायची, मधल्या खाचराचं पाणी बदललं. मग प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन, फावडं उचलून ती नेमकी त्या जागी जायची, चिखलगवताचा गोळा बिळात कोंबायची आणि टाचेनं घट्ट दाबायची. चार खाचरांचे चार स्वर तिला तोंडपाठ होते. कुठल्या यंत्रानं तिला ही खोली दिली होती?

त्या श्रावणात घरून काम करायची मुभा होती म्हणून मी दोन महिने रिह्यात मुक्काम ठोकला होता. एका संध्याकाळी मला हुक्की आली की आत्यालाही हे स्वर्गसुख दाखवावं. तिला कट्ट्यावर बसवलं, पदर सारखा करून तिच्या कानांवर हेडफोन चढवला, प्लेअरवर एक जुना भूप लावला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिनं हळूहळू मान डोलवायला सुरुवात केली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "छान हाय. लई ग्वाड हाय." मी खूश झालो, आणि तेवढ्यात माझं लक्ष मांडीवर गेलं. केबल माझ्याच मांडीवर पडली होती. हेडफोनला जोडायचीच राहिली होती!

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याही हसली, का ते न कळता. आणि हा किस्सा मी पुढे किती ठिकाणी सांगितला म्हणून सांगू! ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणी केबल बदलल्यावर आवाज उजळल्याची बढाई मारू लागला की मी आत्याला पुढे करायचो: आमच्या आत्याला तर केबलीवाचूनच भूप ऐकू येतो. महाग वस्तू कानाला लागली की माणूस न ऐकलेल्यालाही दाद देतो, असा त्या गोष्टीचा अर्थ मी काढला होता, आणि तो सगळ्यांना पटायचाही. सुराच्या अलीकडचा श्वास टिपणाऱ्या माझ्या कानाला एवढीशी गोष्ट कळू नये, की जी बाई न वाजलेल्या गाण्याला मान डोलावते तिला कदाचित वाजलेलंही ऐकू येत नसेल? तिच्या दिवसातून चार-चार फेऱ्या बांधावर व्हायच्या, त्याला आम्ही म्हातारपणाची चुळबुळ म्हणायचो. कानानं होत नव्हतं ते ती पायांनी करत होती.

भाद्रपदात तिचा गुडघा सुजला आणि पायही बसले. त्या सकाळी मी पडवीत लॅपटॉप उघडून, कानांवर ती विकतची शांतता ओढून काम करत होतो. आत्या भिंत धरत दारात आली, काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले मला अजून दिसतात. मी मान हलवली, हसून हात वर केला. ती समाधानानं आत गेली. दुपारी पडद्यावरून नजर उचलली तर बबनतात्या अंगणात उभे, तोंड लाल, हातवारे चाललेले. हेडफोन काढला तेव्हा कळलं की ते केव्हापासून ओरडत होते. मधल्या खाचराचा बांध फुटून गाळ खालच्या दोन्ही खाचरांतल्या, नुकत्या लोंब्या फुटू लागलेल्या निसवत्या भातावर बसला होता.

"घरात दोन मान्सं, चार कान," तात्या म्हणाले, "आन येक बी कामाचा न्हाई."

आत्या सकाळी मला बांधावर एक चक्कर टाकायला सांगायला आली होती. हे मला त्याच दिवशी उमगलं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. तिनंही नाही.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळे रिह्यात होतो. आत्यानं बाबांना ओवाळलं, बाबांनी तिच्या ताटात जांभळ्या काठाची साडी ठेवली. फराळ झाला आणि मग बाबांनी विषय काढला. पुण्यातला कुणी बंगल्यासाठी जागा शोधत होता, आमच्या खाचरांवर त्याची नजर होती. बाबांचं मन होत नव्हतं. आक्काच्या हातातलं काढून घ्यायचं कसं, एवढाच त्यांचा पेच होता. यंदाचा बांध कसा फुटला, असं त्यांनी मला विचारलं, कारण त्या दिवशी घरात मीच होतो. आत्या समोरच साडीच्या घडीवरून हात फिरवत बसली होती.

मी म्हणालो, "आत्याचं हल्ली लक्ष नसतं."

पाच शब्दसुद्धा नाहीत. माझ्या कानांवर त्या दिवशी काय होतं, सकाळी मी कशाला मान हलवली होती, हे झाकायला तेवढे पुरले. बाबा उसासले, आत्याकडे वळून म्हणाले, आक्का, मग देऊन टाकूया ना, तुझी ना नाही ना? आत्यानं मान डोलावली. हसली. "छान हाय," म्हणाली. जमीन विकायला कुणी छान म्हणतं का? माझ्या मनात काहीतरी खट्कन वाजलं. ती मान, ते दोन शब्द मी आधी कुठं तरी पाहिले-ऐकले होते. पण ते ओळखलं असतं तर पुढचंही सगळं बोलावं लागलं असतं. मी चिवड्याच्या वाटीत चमचा फिरवत राहिलो.

फाल्गुनात जेसीबी आला. एका दिवसात चारही खाचरांचे बांध सपाट झाले. आत्या पडवीत उभी राहून बघत होती. तिला ठाऊकच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. तिनं फक्त फावडं धुऊन, पुसून, आढ्याला लावून ठेवलं. पुढल्या पावसाळ्यात कान ठणकतो म्हणून तिला पौडच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला पाठवलं, आणि तपासणाऱ्या बाईंनी कागदावरची उतरती रेघ दाखवून सांगितलं की दोन्ही कान गेलेत, आज नव्हे, कितीतरी वर्षांपासून. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. असल्या रेघा मी रोज बघतो, हेडफोन निवडताना. कुठला स्वर कुठं किती उतरतो ते चढाओढीनं वाचतो. ही एक रेघ मात्र मला घरातल्या घरात वाचता आली नव्हती.

परतताना गाडी थांबवून, तिच्या कानाशी तोंड नेऊन मी विचारलं, भाऊबीजेला बाबा विचारत होते तेव्हा तुला काय वाटलं होतं?

"मला वाटलं, साडीचं इचारतोय," आत्या म्हणाली.

आणि कान गेले हे सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "बाई भैरी झाली म्हनलं की लोक तिच्याम्होरंच तिचं बोलाया लागत्यात." तिच्यासमोर आम्ही काय बोललो होतो, हे तिला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. आता मी तिला ते सांगितलं. सगळं सांगितलं, माझी सकाळची मान, माझं ते वाक्य, कानाशी तोंड लावून, ओरडून. पश्चात्ताप असा ओरडून सांगावा लागणं यासारखी शिक्षा नाही. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघत होती. तिनं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. तिनं त्यातलं किती ऐकलं, मला आजही ठाऊक नाही.

तर, महाग यंत्र किमतीचं असतं का? मित्रहो, यंत्राला मी बोल लावणार नाही. त्यानं जे कबूल केलं ते चोख दिलं. दूर कुठं तरी, कधी काळी घेतलेला श्वास माझ्यापर्यंत आणून पोचवला. त्याच्या बटणानं मी काय पुसून टाकलं, ते त्याच्या किमतीच्या चिठ्ठीवर कुणी छापायचं? पडवीपासून दाराचं अंतर सहा पावलं. तेवढ्या अंतरावरचं एक वाक्य मला ऐकू आलं असतं, तर ते भात आजही निसवलं असतं. नंतर मी बाबांनाही खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. विकलेली जमीन कबुलीजबाबानं परत येत नाही.

या श्रावणात आत्याला कानामागे लावायचं यंत्र मिळालं. मी स्वतः तिला रिह्यात नेलं, पडवीच्या त्याच कट्ट्यावर बसवलं, यंत्र कानात सारखं केलं आणि बटण चालू केलं. ती दचकली. पत्र्यावरच्या सरीकडे तिनं वर पाहिलं. आपल्याच बांगड्या हलवून पाहिल्या. आणि मग, किती वर्षांनी कोण जाणे, तिनं मान किंचित कलती केली.

"बाळा," ती म्हणाली, "पानी फुटलंय."

मी काही बोलायच्या आत ती उठली, दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत आढ्याचं फावडं काढलं आणि अंगणातून खाली चालू लागली. मी मागोमाग धावलो. जिथून पूर्वी बांधाची वाट सुरू व्हायची तिथं आता तारेचं कुंपण आहे. आत्या तारेला हात लावून थांबली. पलीकडे कातरलेली हिरवळ, आणि हिरवळीच्या मधोमध नव्या मालकानं दगड रचून केलेला एक शोभेचा धबधबा. पंपानं वर चढवलेलं पाणी पुन्हा खाली पडत होतं, पुन्हा वर जात होतं. ती कितीतरी वेळ ते ऐकत राहिली. "त्येंचं हाय व्हय," एवढंच म्हणाली आणि फावडं माझ्या हातात दिलं.

पडवीत येऊन तिनं कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबी मिटली. मी कट्ट्यावर मान खाली घालून बसलो होतो. शेजारी माझा हेडफोन पडला होता, केबल अर्धवट गुंडाळलेली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे बोट केलं आणि पदर सारखा करून डोकं पुढे केलं. मी तो तिच्या कानांवर चढवला. केबल जोडली नाही, गाणंही लावलं नाही, आणि माझे दोन्ही रिकामे हात तिला दिसत होते. तिनं डोळे मिटले, हळूहळू मान डोलवू लागली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "छान हाय."