दोन जावांची पोथी

माझा डावा डोळा लहानपणापासून नुसता शोभेचा. दुकानाच्या पाट्यासुद्धा त्याला धड लागत नाहीत. शाळा, कॉलेज, नोकरी आणि आजवर वाचलेली एकूण एक कादंबरी मी उजव्या डोळ्यानं वाचली. गेल्या उन्हाळ्यात त्या उजव्याच डोळ्याचा पडदा सुटला. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "मला पुन्हा वाचता येईल ना?" नवरा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "अगं, आधी रस्ता ओलांडता येईल का ते विचार." मला रस्त्याचं काही पडलं नव्हतं.

माझं वाचन म्हणजे निव्वळ हावरटपणा. नवी कादंबरी आली आणि कुणी बरी म्हणालं की मागवलीच. नोकरी ओझरला. सकाळी द्वारका चौकातल्या गोंगाटात कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या उभ्या वीस-पंचवीस पानं उडवायची, बसमध्ये आणखी तेवढीच. वर्णन आलं की डोळा खाली सरकायचा, संवाद आला की थांबायचा. एक संपलं की दुसरं. महिन्याभरानं कुणी विचारलं, काय होतं गं त्यात, तर 'छान होतं' यापलीकडे मला काही सांगता यायचं नाही. तरी मिरवायला मी कमी नव्हते. ऑफिसात मला पुस्तकवाली म्हणतात आणि मला ते आवडतं.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा एक फुगा भरतात, तो पडद्याला आतून जागेवर दाबून धरतो. फुगा वर चढतो, म्हणून माणसानं तोंड कायम खाली ठेवायचं. झोपायचं पालथं, जेवायचं खाली बघून, चालायचं मान घालून. माझ्या लग्नातही मी एवढी मान खाली घातली नव्हती. दृष्टी किती परत येईल, या प्रश्नाला डॉक्टरांचं एकच उत्तर होतं, "आत्ता सांगता येत नाही."

माझं करायला सासूबाई सायखेड्याहून आल्या. सासऱ्यांना दिराच्या हवाली करून, बाजरीच्या पिठाचा डबा काखेत मारून. त्या चौथी शिकलेल्या. माझ्या पुस्तकांकडे त्यांनी आजवर धूळ झटकण्यापलीकडे लक्ष दिलेलं नव्हतं. आमचं जमायचं, पण ते भाजीपाल्याच्या आणि दुखण्याखुपण्याच्या गप्पांइतकंच.

मी दिवाणाच्या कडेला पालथी, कपाळाखाली चादरीची गुंडाळी, खाली बघायला एक फरशी. दुसऱ्या दिवशीच मी रडकुंडीला आले. नवऱ्यानं मोबाइलवर बोलकी पुस्तकं लावून दिली. त्यातली बाई इतक्या गुळगुळीत आवाजात वाचायची की दुसऱ्या वाक्याला माझा डोळा लागायचा. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "ही कुणाला सांगती? समोर कुणी बसल्यालं तर दिसत नाय."

"कुणालाच नाही आई. वाचून ठेवलंय तिनं."

"मंग मी वाचते. मी तर हाय ना समोर."

मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला अंगात त्राण नव्हतं. त्यांनी ढिगावरचं सगळ्यात वरचं पुस्तक उचललं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आलेली जाडजूड कादंबरी, मी उघडलेलीही नव्हती. एका अंगणात राहणाऱ्या दोन जावांची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं.

आता सासूबाईंनी आयुष्यात वाचलं काय, तर श्रावणात पोथी. वाचायचं म्हणजे काय करायचं, याची एकच रीत त्यांच्या हाताला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, पाट मांडला, पाटावर धुतलेला खण घातला, त्यावर कादंबरी ठेवली आणि कव्हरवर हळदकुंकू वाहिलं. मला हे कळलं ते वासावरून. मी म्हटलं, "आई, अहो कादंबरी आहे ती." त्या म्हणाल्या, "आसंल. अक्षरं तीच हायेत ना?"

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, तीही चालीवर. ओवीची असते तशी चाल: तीन टप्पे लांब, चौथा आखूड, शेवटाला हेल. कादंबरी साध्या, तुटक, आजच्या भाषेतली. त्यात गॅसचा नंबर लावणं होतं, एसटीचा संप होता, थोरल्या जावेच्या नवऱ्यानं दिलेल्या शिव्या होत्या. सगळं त्याच चालीत. शिवीसुद्धा हेल काढून. मी गुंडाळीत तोंड खुपसून हसत होते आणि डोळ्याला धक्का बसेल म्हणून हसू दाबत होते. त्या गडबडीत आणि औषधाच्या गुंगीत पहिली काही पानं माझ्या कानावरून गेली, आत गेली नाहीत.

वाचन सुरू राहिलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, डाळ करपल्याचा वास आला, दाराची बेल वाजून थांबली. सासूबाई उठेनात. आवाज बसत चालला, तरी चाल मोडेना. दुपार कलली. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "आई, थांबा की आता."

"थांबू कशी? अध्याय संपू दे ना," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "अध्याय मधीच सोडला तर पाप लागतं. पन ह्याचा पहिला अध्याय लय मोठा हाय गं बाई."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हल्लीच्या पुष्कळ कादंबऱ्यांसारखी या कादंबरीलाही प्रकरणंच नव्हती. सलग साडेतीनशे पानं. मी सांगितलं नसतं तर ही बाई न जेवता, पाणी न पिता, अध्याय संपेल या आशेवर रात्रीपर्यंत वाचत बसली असती. मी त्यांना म्हटलं, मध्ये कुठे दोन ओळींत मोकळी जागा आणि फुलीसारखी खूण दिसतेय का बघा. दिसली. तोच अध्याय, असं आमचं ठरलं. त्यांनी पुस्तकाला हात जोडले आणि करपलेल्या डाळीकडे गेल्या. संध्याकाळी नवरा ती डाळ मुकाट्यानं जेवला.

दिवस असेच जायला लागले. सकाळी एक खूण, दुपारी एक खूण. सासूबाई बोट ओळीखाली ठेवून वाचायच्या. त्यांचं बोट मला दिसत नव्हतं, पण कागदावरून सरकणारी नखाची बारीक खरखर ऐकू यायची. पुढे काय होतं म्हणून मी विचारलं की त्या दटावायच्या, "पुढचं उद्या. घाई कसली? पोथी काय पळून जाती?" मला घाईच तर होती. आयुष्यभर मी घाईनंच वाचलं होतं.

कधीतरी मी हसायची थांबले. कोणत्या दिवशी ते आठवत नाही. धाकटी जाऊ आडातून पाणी काढते, असा एक प्रसंग होता. माझ्या डोळ्यानं तो परिच्छेद एका झेपेत ओलांडला असता, कारण त्यात काही घडतच नाही. सासूबाईंनी तो त्यांच्या चालीत म्हटला. बादली सोडली, बादली बुडाली, दोर हाताला काचला, बादली वर आली. पाणी काढायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ त्या परिच्छेदाला लागला. माझे तळहात ओले झाल्यासारखे वाटले मला. मी थक्क होऊन त्या फरशीकडे बघत राहिले. इतक्या कादंबऱ्या वाचल्या मी, आणि पाण्याचं वजन मला पहिल्यांदा कळलं ते वाचायचा डोळा पट्टीखाली मिटलेला असताना.

त्यानंतर मी अक्षरशः अंगाचा कान केला. या कादंबरीत एवढं सगळं आहे? मग आधीच्या सगळ्यांतही असणार. बसमध्ये उडवलेल्या, वर्णनं गाळलेल्या. माझ्याच घरातल्या त्या ढिगाची मला भीतीयुक्त आदरानं आठवण यायला लागली. आणि तेवढ्याच जोरानं दुसरी धास्ती वाढत गेली. हे सगळं आता कळतंय, आणि डोळा परत आलाच नाही तर?

खालच्या मजल्यावरच्या वहिनी दुपारी मेथी निवडायला आमच्याकडे येऊन बसायला लागल्या. त्यांना सुरुवात ठाऊक नव्हती, सासूबाईंनी ती दोन वाक्यांत सांगितली, "दोघी एका घरात नांदत्या. लेकीच्या लग्नात थोरलीकडून धाकटीच्या माहेरचा मान ऱ्हायला, तवापासून बोलत नाय." वहिनींना तेवढं पुरलं. मानपान म्हटल्यावर आणखी काय सांगायचं.

तोंड वर करायची परवानगी मिळाली, फुगाही हळूहळू विरत गेला. मग मोठी तपासणी झाली. समोरच्या फळ्यावरच्या वरच्या दोन ओळी मला दिसल्या, तिसऱ्या ओळीला सगळं पाण्यात हलल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, पडदा छान बसलाय, रस्ता दिसेल, माणसं दिसतील. मी वाचनाचं विचारलं. ते म्हणाले, "बारीक अक्षराचं आत्ता काही बोलू नका. येईल किंवा नाही येणार. तुम्ही दुसरा काही छंद लावून घ्या ना."

घरी आल्यावर सासूबाई पाट मांडायला लागल्या, तर मी फटकन म्हणाले, "राहू द्या आई. नको आता. काय उपयोग आहे ऐकून? उद्या तुम्ही गावाला जाल आणि मी काय करू, मोबाइलमधल्या त्या बाईकडून ऐकू?"

त्या रागावल्या नाहीत. खण सरळ करत म्हणाल्या, "तुला नसंल ऐकायचं तर नको ऐकू. पन पोथी अर्धी ठेवीत नाय मी. शेवटचाच अध्याय ऱ्हायला हाय."

मी भिंतीकडे तोंड करून पडले. पण कान काही भिंतीकडे वळवता येत नाहीत. शेवटच्या भागात थोरली आजारी पडते. मधल्या भिंतीपलीकडून धाकटीला तिचं कण्हणं ऐकू येतं. रोज ती ठरवते, उद्या जाईन. चहा ठेवते, कप भरते आणि स्वतःच पिते. एके सकाळी पलीकडून काहीच ऐकू येत नाही. धाकटी भिंतीला हात लावून उभी राहते, आणि तिथं कादंबरी संपते. सासूबाईंनी शेवटचा हेल काढला तेव्हा त्यांचा आवाज फाटला. वहिनी पदरानं नाक पुसत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, संपलं सगळं. तिचंही आणि माझंही.

पण पानं उलटल्याचा आवाज आला, बराच वेळ, उलट्या बाजूनं. मी मान वळवून विचारलं, "आता काय करताय?"

"समाप्ती," सासूबाई म्हणाल्या. "पोथी संपली म्हनून लगेच मिटीत नसत्यात. पहिल्या अध्यायाच्या पाच ओळी पुन्हा म्हनायच्या, मंगच मिटायची. नायतर ती शेवटालाच आडकून बसती."

आणि त्यांनी पहिलं पान सुरू केलं. मी त्या दिवशी गुंगीत न ऐकलेलं. धाकटी नवी नवरी होऊन उंबऱ्यात उभी आहे, बावरलेली. हातात तांब्या घेऊन आतून कुणीतरी येतं. ती थोरली. आत्ता, चार वाक्यांपूर्वी मेलेली थोरली, तरणीताठी, कपाळावर घाम, हसत दारात आली. ती म्हणाली, "ये." मी उठून बसले. ही कादंबरी लिहिणाऱ्याला ठाऊक तरी असेल का, की ती अशीही संपते? मी कितीतरी पुस्तकं शेवटच्या पानावर मिटून ढिगात टाकली होती, सगळ्यांना तिथं तसंच अडकवून. मला हुंदका आवरेना.

सासूबाई पाच ओळी म्हणून थांबल्या. त्यांनी पुस्तक खणासकट उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि बोट सहाव्या ओळीखाली टेकवलं. "हे मी म्हनलं नाय," त्या म्हणाल्या. "हे तू म्हन."

"आई, मला दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"डॉक्टरनी फळा दावला. पोथी कुठं दावली?"

मी पुस्तक उचलून पार नाकाशी धरलं. ओळ मुंगळ्यांच्या रांगेसारखी वळवळत होती. मी घाई केली की सगळी विसकटायची, म्हणून मी त्यांच्यासारखं बोट ठेवलं आणि एका अक्षरावर थांबले. द असावा. पुढचं भ होतं की म, ते ठरेना. सासूबाईंनी जागा दाखवली होती, पण अक्षर सांगितलं नाही. वहिनींनी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं त्यांना गप्प केलं. मी थांबले, पुन्हा बघितलं. म. मग ली. मला घाम फुटला होता. पुढचा शब्द लांब होता, त्यातला श वाकडा दिसत होता, पण श होता.

"दमली असशील," मी मोठ्यानं वाचलं. "बस इथं."

एका ओळीला किती वेळ लागला कोण जाणे. आयुष्यात एवढं सावकाश मी काही वाचलं नव्हतं. सासूबाई पाटाशी सरकून बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि मांडी घालून दोन्ही हात जोडले, पोथी ऐकणारीनं बसावं तसं.

"पुढं वाच," त्या म्हणाल्या.